पहिल्या पानापासून

सिल्वासाजवळच्या नरोलीतल्या आमच्या चाळीत कुणी आजारी पडलं, की ते आधी डॉक्टरकडे जात नाही. सुकदेवनानांकडे जातं, कागद शिवून घ्यायला.

शिवून म्हणजे खरंच शिवून. नाना मूळचे अमळनेरकडचे. इथे प्लास्टिकच्या दाण्याच्या कंपनीत पोत्यांची तोंडं शिवत त्यांचं आयुष्य गेलं. कंपनी सुटली, दाभण सुटला नाही. लोक पिशवीभर चुरगळलेले केसपेपर, चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट आणून ओततात. नाना तारखेप्रमाणे लावतात, टाके घालतात, गाठ मारतात आणि दोरा दातांनी तोडतात. एकदा एका लूम कामगाराच्या फायलीत त्यांनी त्याची लग्नपत्रिकाही शिवली. म्हणाले, "छातीतली धडधड त्याच महिन्यापासून आहे. डॉक्टरला कळू दे ना भो."

"पहिल्या पानापासून" हे त्यांचं पालुपद. नळावरचं भांडण घेऊन कुणी आलं, तरी नाना म्हणणार, "पहिल्या पानापासून सांग." तोवर पाणी जातं आणि भांडण मिटतं.

मी आरोग्याच्या हक्कासाठी पत्रकं लिहिते, वाटते आणि दवाखान्याच्या खिडक्यांवर भांडते. सरकारने खर्च वाढवावा, तपासण्या फुकट कराव्यात, यात मला चर्चेसारखं काही वाटत नाही. नाना माझं पत्रक चष्मा लावून पुरतं वाचतात.

"बरोबर आहे, माय. पण पोतं फाटकं राहिलं तर दाणा ओतून काय करशील? आधी शिव ना."

मग ते डोळे मिटतात आणि त्यांच्या मनातला दवाखाना सांगू लागतात. दाभण हवेत तसाच थांबतो.

"एक लांब ओटा आहे. वर लिंबाची सावली. धुळ्याचा माणूस सिल्वासाला आला, इथला सुरतेला गेला, तरी कागद त्याच्या आधी पोचलेला राहतो. डॉक्टर पहिल्या पानापासून वाचतो. कधीपासून दुखतं, असं कुणी विचारत नाही. एकदा घेतलेलं रक्त पुन्हा घेत नाही. त्यातून जे पैसे वाचतात, त्यात सगळ्यांची औषधं होतात. घाई नाही, आरडाओरड नाही. पानं उलटल्याचा आवाज येतो, तेवढाच."

हे ऐकताना खिडकीबाहेरचा चिमणीचा धूरही जरा रेंगाळल्यासारखा वाटतो. मग मला राग येतो.

"नाना, याला कॉम्प्युटर म्हणतात. सरकारने कार्डंसुद्धा काढली आहेत."

"काढली ना. वाचतं कोण?"



नानांच्या खोलीत खिळ्याला एक जाड फाइल टांगलेली आहे. त्यांच्या बायकोची, कमलकाकूंची. काकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली. चार दवाखाने झाले, प्रत्येकाने तपासण्या पहिल्यापासून केल्या आणि त्यातच दिवस गेले. आम्ही प्रशासनाला निवेदन देणार होतो: एका दवाखान्यातला रिपोर्ट दुसऱ्याने मानलाच पाहिजे. त्याला याहून भक्कम पुरावा नव्हता. मी फाइल मागितली. झेरॉक्ससाठी टाके उसवावे लागणार होते.

"ती नको," नाना म्हणाले. "दुसरी कुणाचीही ने."

मी रागावले. लोकांची पोती शिवता आणि स्वतःचं झाकून ठेवता, असंही बोलले. नाना फक्त म्हणाले, "उद्या गुरुवार आहे. चल माझ्यासंगे."

दर गुरुवारी नाना इस्त्रीचा शर्ट घालून सिल्वासाला एका लॅबच्या खिडकीवर जातात, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. कामावर जाणाऱ्या शेजाऱ्यांचे रिपोर्ट ते आणून देतात, म्हणून कुणी जास्त विचारत नसे. त्या दिवशी त्यांनी चौघांचे रिपोर्ट घेतले. मग खिशातून घडीची, मऊ पडलेली एक पावती काढली, मला उघडून दाखवली आणि पुन्हा घडी घालून आत सरकवली. "गुरुवारी या" असं त्यावर लिहिलेलं होतं. नाव कमल सुकदेव पाटील.

खिडकीमागच्या मुलीने पावती उघडलीही नाही. तशीच जपून परत दिली.

"नथी आव्यो, काका." आला नाही, इतकंच.

"बरं. पुढच्या गुरुवारी बघू."

काकू पावतीवरच्या त्या गुरुवारच्या दोन दिवस आधी गेल्या होत्या. रिपोर्ट कुठल्या खोक्यात गेला, ते कुणालाच सांगता आलं नाही. मी आजवर बऱ्याच खिडक्यांवर भांडले आहे. त्या खिडकीवर मी नानांच्या हातातले चौघांचे रिपोर्ट घेतले आणि तारखेप्रमाणे लावले.

परत आल्यावर नानांनी खिळ्यावरची फाइल काढली, एकेक टाका स्वतः उसवला आणि पानं माझ्या हातात दिली. "सगळ्यांना दाखव. पहिल्या पानापासून."

संध्याकाळी झेरॉक्स काढून मी पानं परत केली. नाना ती पुन्हा शिवत असताना मी शेजारी बसून होते. शेवटचा टाका झाला. नानांनी फाइल तशीच खिळ्याला लावली. दोरा लोंबत होता, त्याच्या टोकाला दाभण.

"नाना, गाठ राहिली."

"राहू दे, माय," ते म्हणाले. "अजून एक कागद यायचा आहे."