भाव उतरेपर्यंत

टिंग!

घर चिडीचूप होतं. ठमीला झोपवायला दोन गोष्टी, एक गाणं आणि एक धमकी खर्ची पडली होती. आता ती आईचं बोट मुठीत गच्च धरून झोपली होती आणि आई ते बोट चोरासारखं हळूहळू सोडवून घेत होती. नखापर्यंत आलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. ठमीनं एक डोळा उघडला.

"गाडी आली?"

"गाडी नाही गं, गाडीचा भाव आला. झोप तू."

ठमीनं डोळा मिटला. तिला यात काही नवल वाटलं नाही. कळायला लागल्यापासून या घरात गाडीचा भावच येत होता.

ठमीचा बाबा एका पंपाच्या कारखान्यात खरेदी खात्यात होता. साधा खिळा घ्यायचा तरी तीन ठिकाणचे भाव मागवायचे, तिघांनाही एकमेकांचे भाव सांगायचे आणि मग तोंडाला कुलूप लावून बसून राहायचं, अशी तिथली रीत. शेवटी तिघांतल्या एकाचा धीर सुटतो आणि भाव उतरतो. ही विद्या संध्याकाळी कारखान्यातच ठेवून घरी यावं, हे त्याला कधी सुचलं नाही. ठमी पोटात असताना त्याने पाळणा बघायला सुरुवात केली होती. पाळणा निम्म्या भावात मिळाला, यात वादच नाही; पण तो घरात आला तेव्हा दार उघडायला ठमी स्वतःच्या पायांनी चालत गेली. तेव्हापासून पाळण्यात इस्त्रीचे कपडे निजत होते.

आता घ्यायची होती जुनी इलेक्ट्रिक गाडी. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये विकाऊ गाड्या रांगेत उभ्या असत. आवडलेल्या गाडीवर हृदयाचं चिन्ह दाबून ठेवलं की तिचा भाव जरा हलला तरी टिंग. नवऱ्याने आपल्या आणि बायकोच्या फोनवर इतकी हृदयं दाबून ठेवली होती, की दिवसभर शाळा सुटल्यासारखी घंटा वाजत असे.

"इलेक्ट्रिक गाडी म्हणजे भाजी गं," तो समजावून सांगे. "सकाळी महाग, संध्याकाळी स्वस्त. नवीन मॉडेल आलं की जुनं कोमेजलंच. आपण संध्याकाळी जायचं."

"आणि संध्याकाळी सडकीच उरली तर?"

"म्हणून तर बॅटरी तपासायची!"

चार्जिंगची वायर मात्र त्याने आधीच घेऊन ठेवली होती, एका बंद पडणाऱ्या दुकानातून, मातीमोल भावात. बाजारात तुरी म्हणतात तसं. गाडीचा पत्ता नाही आणि वायर बाहेरच्या खोलीत खुंटीवर वेटोळं घालून बसलेली. ठमी तिला अजगर म्हणायची आणि येता-जाता बिस्किट भरवायची.

आईला गाडी हवी होती ती मिरवायला नव्हे. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. शेजारच्या खऱ्या दाताला पत्ता लागू नये असा खोट्या दाताचा रंग जमवायचा, हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ठमी झाली आणि काम सुटलं. मग लॅब शहराबाहेर गेली, बस जिथे वळून परत फिरते त्याच्याही बरीच पुढे. परतीचं गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून भाड्याची गाडीही तिकडे यायला कुरकुरे. पण लॅबच्या मॅडम तिला विसरल्या नव्हत्या. "तुझं स्टूल अजून कुणाला दिलेलं नाही," त्यांचा फोन आला होता. "एक तारखेला ये. त्यापुढे मला थांबता यायचं नाही गं."

ते ऐकल्यापासून ती लोकांचं बोलणं सोडून त्यांचे दातच बघत होती.

"अगं, मस्तच!" नवरा म्हणाला. "घेऊच आपण. फक्त थोडं थांब. भाव उतरतोय."

तो नाही कधीच म्हणत नसे. नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. 'थांब'शी कुणी कसं भांडावं?

तिने एकच गाडी मनात धरली होती. आकाशी रंगाची, छोटीशी. जाहिरातीत विकणाऱ्याने लिहिलं होतं, 'बॅटरी ठणठणीत. डाव्या बाजूला पोचा आहे. त्यात खांबाचा दोष नाही.' ते वाचून ती एकटीच हसली होती. इतकं खरं बोलणारा माणूस गाडीतही लबाडी करणार नाही, असं तिला वाटलं. आपल्या फोनवर तिने तेवढं एकच हृदय स्वतःच्या बोटाने दाबलं होतं.

"ही? ठीक आहे," नवऱ्याने मान डोलावली. "पण आधी जमीन तयार करू."

जमीन तयार करणं म्हणजे त्याने आपल्या आईचा फोन घेतला, ठमीच्या मामाचा फोन घेतला, आणि सगळ्यांच्या नावाने त्या आकाशी गाडीला पडेल भाव सांगून टाकले. वर प्रत्येकाकडून एकेक हृदय. "चहूबाजूंनी कमी भाव आले की त्याला वाटेल, बाजारच बसलाय. मग आपण हळूच जायचं."

टिंग! दुसऱ्याच दिवशी गाडीचा भाव चढला. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'ही गाडी पाच जणांना हवी आहे. त्वरा करा!'

"कोण मेले हे पाच जण?" नवरा कळवळला. "नेमकी आपलीच गाडी दिसली यांना!"

"तू, मी, आई आणि माझा दादा," ती म्हणाली.

"ते चार झाले. पाचवा कोण?"

"तूच. ऑफिसच्या फोनवरून."

नवऱ्याने बोटं मोजून बघितली. मग म्हणाला, "तरी मागणी आहे, हे मात्र सिद्ध झालं."

सासूबाईंना मात्र सूर सापडला होता. नातवंड झोपलं की त्या चष्मा लावून गाडीवाल्याशी लिहिणं-वाचणं करत बसत. "विचारलं मी, विकताय कशाला? म्हणाले, दिसत नाही नीट. म्हटलं, गाजर खा. मग म्हणाले, दात नाहीत."

"आई, भावाचं काय म्हणाले?"

"पहिल्याच ओळखीत भाव कसा विचारायचा रे? बरं दिसतं का ते?"

आणि मग पाचही जणांना एकच निरोप आला. गाडीवाले आजोबा उभा जन्म मैदानावर पंच होते. मागणारे पाच आणि गाडी एक म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. 'रविवारी सकाळी पाचही जणांनी यावे. निकाल समोरासमोर लागेल. पंचाचा निर्णय अंतिम.'

"जायलाच हवं सगळ्यांनी," नवरा म्हणाला. "पण वेगवेगळं. ओळख दाखवायची नाही."

"आणि पाचवा?" मामाने विचारलं.

"तू दोनदा ये. दुसऱ्यांदा टोपी घाल."

रविवारी आजोबांच्या इमारतीमागच्या अंगणात आकाशी गाडी धुऊनपुसून उभी होती. शेजारी पंच आजोबा, गळ्यात दोरीला शिट्टी आणि त्याच दोरीत गाडीची किल्ली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून परक्या झाल्या होत्या. मामा टायरला लाथ मारून बघत होता. नवरा त्याला "आपण कुठून आलात?" असं मोठ्याने विचारत होता. ती ठमीला कडेवर घेऊन उभी होती आणि तिला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"आज्जी!" ठमी आनंदाने ओरडली. "तू बसने का आलीस? आमच्याबरोबर का नाही?"

सासूबाईंनी भिंत आणखी बारकाईने न्याहाळली.

"आई, आज्जी रुसली? बाबा, मामाशी बोललेलं चालतं? मग मी पण बोलू?"

पंच आजोबांनी शिट्टी फुंकली. अशी फुंकली की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या.

"एकाच संघाचे दिसता सगळे," ते म्हणाले. त्यांची कवळी शब्दागणिक खट्ट वाजत होती. "विरुद्ध संघ कुठाय?"

मग सासूबाईच वळल्या. "विरुद्ध कुणी नाही हो. आम्हीच आमच्या विरुद्ध आहोत. गाजर खाल्लंत का?"

"किसून," आजोबा म्हणाले. आणि हसले. कवळी डावीकडे उचलली जात होती. तिथे जरा घासून घेतली की बसेल, असं तिच्या मनात आलं, आणि बोटं आपोआप शिवशिवली. "बरं, गाडी खरोखर हवीय कुणाला?"

सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळली. नवऱ्याचंसुद्धा.

तिने सांगितलं. लॅब, स्टूल, एक तारीख, बस वळते ती जागा. भरभर, श्वास न घेता, कुणी मध्येच थांब म्हणेल या धास्तीने सांगितलं. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकलं, गळ्यातली दोरी काढली आणि तिच्यापुढे धरली. "चढलेला भाव विसरा. पहिल्या भावात घेऊन जा, ताई. गाडी उभी राहून आंबते, तशी माणसंही."

तिने हात पुढे केला. दोरी बोटांना लागली.

"नाही, म्हणजे… काका," नवऱ्याचा आवाज आला. उचकी लागावी तसा, आवरता न येणारा. "ते ठीकच आहे. पण पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय म्हणतात. तर या भावात… थोडं खाली येता आलं असतं तर…"

मामाने टोपी काढली.

"पैसे कुणी द्यायचेत?" आजोबांनी तिला विचारलं.

तिने नवऱ्याकडे बघितलं. तिच्या शिलकीचे पैसेही त्याच्याच खात्यात गेले होते. एकत्र असलेलं बरं पडतं, असं तेव्हा ठरलं होतं. कुणी ठरवलं, ते तिला आता आठवेना.

"थोडे दिवस विचार करतो आम्ही," नवरा म्हणाला. आम्ही म्हणाला.

आजोबांनी दोरी पुन्हा गळ्यात घातली. "पंचाला खेळाडूला बाहेर काढता येतं," ते पुटपुटले. "नवऱ्याला नाही."

परत येताना सगळे एकाच बसमध्ये बसले, कारण आता ओळख लपवायचं कारण उरलं नव्हतं. तिने सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही तरी सांगा ना त्याला."

सासूबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "अगं, तो नाही म्हणतोय का? थांबच म्हणतोय ना?" आणि खिडकीबाहेर बघत, जरा वेळाने, हळूच म्हणाल्या, "माझं शिवणयंत्र यांनी घेतलं तेव्हा मला सुईत दोरा ओवायला दिसेनासं झालं होतं."

एक तारीख आली तशी गेली. त्या सकाळी तिने ठमीचे केस विंचरले, भांडी लावली, पाळण्यातले कपडे काढून पुन्हा घड्या घातल्या. दुपारी मॅडमचा फोन आला. "दुसरी मुलगी घेतली गं. दातांवाचून अडलेली माणसं थांबत नाहीत. रंगात कच्ची आहे, पण येते वेळेवर." तिने बरं म्हटलं. आणखी काय म्हणणार?

आणि नवीन मॉडेल खरंच आलं! जुन्या गाड्यांचे भाव धाडकन कोसळले. टिंग, टिंग, टिंग! नवरा घरभर नाचला. "बघितलंस? बघितलंस? मी काय म्हणत होतो!" त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. त्याचं म्हणणं नेहमीच खरं ठरायचं, हेच तर दुःख होतं.

एका शनिवारी खाली हॉर्न वाजला. आकाशी गाडी दारात उभी होती. आजोबांनी मध्यंतरी तोच खांब पुन्हा गाठला होता. आता पोचे दोन झाले होते आणि तेवढ्यासाठी नवऱ्याने भाव आणखी उतरवून घेतला होता. तो दारातच हात पसरून उभा राहिला. "तुझी गाडी! अगं, एवढ्या स्वस्तात अख्ख्या शहरात कुणी घेतली नसेल!" मग त्याने खुंटीवरचा अजगर खाली आणला आणि मोठ्या थाटात गाडीला जोडला. वायर तोकडी पडली नाही, याचाही त्याला अभिमान वाटला.

"हे आजोबांनी तुला द्यायला सांगितलंय," तो म्हणाला आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. दोरीत शिट्टी तशीच होती. "का ते बोलले नाहीत. विक्षिप्तच आहेत जरा."

तो शेजाऱ्यांना भाव सांगायला गेला. ती गाडीत जाऊन बसली. गाडी स्वच्छ होती. बॅटरीचा आकडा भरत होता, भराभर, कुठे जायची घाई असल्यासारखा. तिने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. तिने शिट्टी ओठांना लावली, आणि न फुंकताच खाली ठेवली.

मागचं दार उघडून ठमी आत चढली. सीटवर हात फिरवून बघितला, उड्या मारून बघितल्या, आणि मग दोन सीटांच्या मधून डोकं पुढे घालून तिने आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

"आई, पाळण्यात आपण कपडे ठेवतो ना?"

"हं."

"मग गाडीत काय ठेवायचं?"