अप्पांचं लाकूड आणि लोखंड

अप्पा खुर्चीत बसले की आधी बोट तोंडात घालून ओलं करायचे, ते हवेत उभं धरायचे आणि म्हणायचे, "अक्का, फ्यान बंद माड्री. गाळी ऐती." गाळी म्हणजे वारा. आता वारा होता तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर. गोल्फच्या खेळात वरच्या कोपऱ्यात एक बाण फडफडायचा, तो वाऱ्याचा. आणि फॅन होता माझ्या खोलीच्या छताला. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही, हे मी त्यांना पहिल्या आठवड्यात तीनदा समजावलं आणि चौथ्यांदा मुकाट्याने फॅन बंद केला. बाकीची गिऱ्हाइकं घाम पुसत माझ्याकडे बघायची. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची.

धारवाडला केलगेरीच्या रस्त्यावर माझा टायपिंगचा क्लास होता. दोन हजार सालानंतर टायपिंग शिकायला कुणी फिरकेना, तेव्हा मशिनं विकून चार कॉम्प्युटर घेतले आणि पाटीवर 'इंटरनेट' असं रंगवून घेतलं. अप्पा आमच्याच गल्लीतले. बळवंत त्यांचं नाव, पण सगळे अप्पाच म्हणत. मोजणी खात्यात सर्व्हेअर होते. अळणावरच्या जंगलापासून इकडे नवलगुंदच्या काळ्या रानापर्यंत तेहतीस फुटी साखळी ओढत हिंडलेला माणूस. लग्न केलं नव्हतं. थोरल्या भावाबरोबर राहायचे, तेही विधुर. त्या थोरल्यांना गल्ली अण्णा म्हणायची. दोघं भाऊ रोज चार वाजता ओट्यावर सोंगट्या मांडून भांडत बसायचे. अण्णा गेले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि ओट्यावर नुसतं ऊन बसत होतं.

अप्पा माझ्याकडे आले ते एक अर्ज टाइप करून घ्यायला. शेजारच्या पडद्यावर कुणीतरी गोल्फ खेळत होतं. हिरवंगार गवत, लांबवर एक निशाण, आणि खाली आकडा, एकशे दहा यार्ड. अप्पांनी चष्मा वर केला.

"ह्ये रान कुणाचं ओ?"

"कुणाचं नाही अप्पा. खेळ आहे."

"एकशे दहा यार्ड म्हंजे बरोब्बर दहा साखळ्या," ते म्हणाले, आणि अर्ज विसरून खुर्ची ओढून बसले. त्या दिवसापासून ते माझं कायमचं गिऱ्हाईक झाले.

कमीत कमी फटक्यांत चेंडू भोकात घालायचा, असा तो खेळ. चेंडू मारायच्या आधी काठी निवडावी लागते. लांब मारायच्या काठ्यांना वुड म्हणतात, मधल्या अंतराच्या काठ्यांना आयर्न, आणि अगदी जवळून भोकात ढकलायची ती पटर. मी भोळेपणाने अर्थ सांगितला, वुड म्हणजे लाकूड. अप्पांनी पडद्याला नाक लावून बघितलं. "ह्ये लाकूड? आयुष्यभर अळणावरचं सागवान बघितलंय मी. ह्ये धडधडीत लोखंड हाय." दोन दिवस त्यांनी वुडला हात लावला नाही. ज्या खात्यात लोखंडाला लाकूड म्हणून लिहितात, त्या खात्याचा भरवसा काय, असं त्यांचं म्हणणं. पुढे तह झाला, पण नावं तीच राहिली. "तीन नंबरचं लाकूड द्या," "सात नंबरचं लोखंड बरं पडंल," असं स्वतःशीच चालायचं. एका फटक्याला दहा मिनिटं. अंतराच्या साखळ्या करायच्या, उतार बघायचा, बोट ओलं करायचं. "मोजल्याशिवाय बोलू नये," हे त्यांचं पालुपद. मी म्हणायची, "अप्पा, मोजताय मोजा, पण मारा एकदाचं."

चेंडूंची आणखी वेगळी तऱ्हा. साधा पांढरा चेंडू खेळात हवा तितका मिळायचा. जिंकलं की चांगले चेंडू बक्षीस मिळत, एक लांब जाणारा, एक पडल्या जागी थांबणारा. पण तो पाण्यात पडला की कायमचा गेला. अप्पांनी एकसुद्धा चांगला चेंडू वापरला नाही. "असू द्यात. कोण आलं गेलं तर हवेत की," म्हणायचे. आमच्याकडे पाहुण्यांचे कप जसे कपाटात वरच्या फळीवर असतात, तसे अप्पांचे चेंडू होते.

मग एक दिवस खेळात समोर, इंटरनेटवरून खेळणाऱ्याचं, एक नवं नाव आलं. इंग्रजीत चार अक्षरं. ए, एन, एन, ए.

अप्पांनी ते मोठ्यांदा वाचलं, "अण्णा." आणि ते उठून उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं, चपला काढून टेबलाखाली सारल्या, मग बसले. एका बोटाने त्यांनी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, "नमस्कार अण्णा. आराम इद्दीरी?" कानडीत क्षेमकुशल.

मी इंग्रजी टायपिंगची बाई. ते अ‍ॅना आहे आणि अ‍ॅना हे बाईचं नाव, एवढं मला तिथल्या तिथे कळलं. पलीकडून उत्तर आलं, ते इंग्रजीत, आपण पोलंडमध्ये राहतो म्हणून. अप्पा मला म्हणाले, "पोलंडला हाईत. भायेर गेलं की माणूस कानडी इसरतोच." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गल्लीला माहीत आहे. पण त्या वेळी मी तोंड मिटून घेतलं, कारण पडद्यावर पुढची ओळ आली होती.

अप्पांनी खेळात स्वतःचं नाव बळवंत असं इंग्रजीत, एलनंतर ए घालून, लिहिलं होतं. पलीकडच्या बाईला ते लांब वाटलं असणार. तिने पहिली चार अक्षरं घेतली. बी, ए, एल, ए. ओळ होती, "युवर टर्न, बाला."

अप्पांनी ती वाचली, "युवर टर्न, बाळा." मग बराच वेळ त्यांनी काठीच निवडली नाही.

त्यानंतर रोज चार वाजता अण्णा येत. अप्पा पावणेचारलाच हजर. अण्णा नाही आले तर काय, ही एकच काळजी त्यांना दिवसभर पुरायची. एकदा पाऊण तास झाला तरी नाव उमटलं नाही, तेव्हा अप्पा चार वेळा बाहेर जाऊन रस्त्यावर बघून आले. पोलंडचा माणूस केलगेरीच्या रस्त्याने येणार होता की काय, असं मी खवचटपणे विचारलं. ते चिडले नाहीत. "लाइट गेली असंल तिकडं," म्हणाले आणि परत येऊन बसले. नाव उमटल्यावर त्यांनी मला चहा पाजला.

असं वर्षभर चाललं. मग एका दुपारी पलीकडून भलीमोठी ओळ आली आणि अप्पांनी मला हाक मारली. "अक्का, जरा वाचा की. चष्मा पुरंना."

मी वाचून दाखवलं. उद्या मी मुलीकडे खेड्यात कायमची राहायला जाते. तिला बाळ होणार आहे. तिथे इंटरनेट नाही. आज शेवटचा खेळ.

अप्पा म्हणाले, "बरं. आनंदाची गोष्ट हाय," आणि बोट ओलं केलं.

त्या दिवशी शेवटच्या होलला, म्हणजे शेवटच्या भोकाला, त्यांचा चेंडू निशाणापासून दीड हातावर होता. पटरने नुसतं ढकललं की अप्पा जिंकले. माझी धाकटी मुलगीसुद्धा जिंकली असती. अप्पांनी काठ्यांची यादी वरखाली केली आणि सात नंबरचं लोखंड काढलं.

"अप्पा! पटर घ्या, पटर!"

"गप बसा."

त्यांनी इतकं मोजून मारलं की चेंडू भोकावरून टुणकन उडाला आणि पलीकडे हातभर जाऊन थांबला. मग पटर काढून त्यांनी तो आत ढकलला. फटके सारखे झाले. फटके सारखे झाले की खेळ आणखी एक होल देतो, हे मला ठाऊक होतं. सर्व्हेअरला तर होतंच.

पुढच्या होलला अ‍ॅनाचा चेंडू निशाणाजवळ होता. तिची काठी पडद्यावर दिसली. लाकूड, एक नंबरचं! दोन हातांवरचा चेंडू तिने साऱ्या मैदानावरून नेऊन तळ्यात बुडवला. मी तोंडाला पदर लावला. अप्पांनी बक्षिसातला चांगला चेंडू घेतला, आजवर न वापरलेला, आणि त्याच तळ्यात टाकला. मग तिने टाकला. मग त्यांनी. धारवाडचा एक आणि पोलंडची एक, दोन शहाणीसुरती म्हातारी माणसं तासभर तळ्यात चेंडू फेकत होती. प्रत्येक वेळी ओळ यायची, "युवर टर्न, बाला." अप्पा ती दरवेळी वाचायचे, हलक्या आवाजात.

चांगले चेंडू संपले. शेवटी तिकडून निरोपाचे दोन शब्द आले आणि नाव मावळलं.

मी फॅन लावला. इतके महिने दाबून ठेवलेलं शेवटी माझ्या तोंडून निघालंच. "अप्पा, ते अण्णा नव्हते. बाई होती ती. तुमच्या लक्षात आलं का?"

"पयल्याच आठवड्यात," ते म्हणाले. "लेकीचं सांगताना 'मी तिची आई' म्हणाली की तवाच."

"मग अण्णा अण्णा काय करत होता?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"मला अप्पा म्हणणारी गावभर हाईत, अक्का. बाळ म्हणणारं घरात एकच माणूस होतं. त्येच्यामागं ही. बाई का असंना, पोलंडची का असंना."

मला फार वाईट वाटलं. वाटलं, आपण म्हणावं. दोन अक्षरं तर आहेत. पण बाळ म्हणायला माणूस वयानं मोठा लागतो. मी चाळिशीची, आणि समोर सत्तरीला टेकलेले अप्पा. मी तोंड उघडलंसुद्धा. पण बाहेर पडलं ते एवढंच, "अप्पा, चहा सांगू?"

"सांगा," अप्पा म्हणाले.