फोडणी पडेपर्यंत

ऑपरेशन संपलं होतं, मोठा दिवा मालवला होता, तरी पेशंटला बाहेर न्यायची परवानगी नव्हती. कारण त्याच्या वत्तकुळंबूला, म्हणजे तिकडच्या चिंचेच्या आमटीला, अजून फोडणी पडायची होती. टेबलावर आडवा पडलेला तो शेतकरी मेथी किती तांबडी करायची ते तमिळमध्ये सांगत होता आणि आमचे डॉ. व्यंकोबाराव हातमोजे काढून स्टुलावर बसून ऐकत होते. दोन नर्स ट्रॉली धरून ताटकळल्या होत्या.

मी सांगलीची. नवऱ्याच्या बदलीमुळे तंजावूरला आले आणि व्यंकोबारावांच्या थिएटरात भूल द्यायला लागले. पाठीत इंजेक्शन दिलं की माणूस कमरेखाली बधिर होतो, पण वर टक्क जागा असतो. तो घाबरतोच. मी गुंगीचं औषध काढलं की डॉक्टर खवळायचे, तेही तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठी घरांच्या जुन्या बोलीत.

"डाक्टर अम्मा, भेलेल्या माणसास सुई कशास? प्रश्न पुसा!"

पुसायचं, म्हणजे विचारायचं. आणि प्रश्न एकच: तुमच्या घरी अमुक पदार्थ कसा करतात? नवस बोलत आलेला माणूसही दोन मिनिटांत हिंगावरून भांडायला लागायचा.

एरवी माणूस मोठा तयारीचा. मद्रासला आधी सर्जरी शिकले, मग मूत्ररोगाची वरची पदवी. मुतखडा, प्रोस्टेट, अरुंद झालेला मूत्रमार्ग, लहान मुलांची जन्मजात दुखणी, सगळ्यात हात बसलेला. परदेशी माल येणं सोपं झालं तशी त्यांनी जर्मन दुर्बीण मागवली. पोटाला चीर न देता मूत्रमार्गातूनच आत शिरायचं. खंडेनवमीला तिच्या पेटीला चंदन-कुंकू लागायचं आणि आम्हाला सुंडल, हरभऱ्याची कोरडी उसळ, मिळायची. पेटी उघडून कुणी दुर्बिणीला बोट लावलं तर मात्र दवाखाना डोक्यावर घ्यायचे.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. खडे राहत. राजवाड्याजवळच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामांना त्यांनी भर मांडवात मिठी मारली. "डावी मूत्रनळी! वाटाण्याएवढा! तण्णी पितांत कीं नाहीं?" मामा पाण्याचा पेला शोधत जे सटकले ते पंगतीलाच दिसले.

पत्नी गेल्यानंतरही त्यांचं सगळं असंच चालू होतं. फक्त दवाखान्यातून ते उशिरा घरी जाऊ लागले. त्यानंतरच्या वर्षी तिरुवैयारूच्या संगीत उत्सवात गाणं ऐकताना ते कडेची जागा धरून बसले आणि एका रागात तीनदा उठून गेले. मी म्हटलं, "सर, तपासून घ्या."

"हें वयाचं असतें," म्हणाले. पेशंट असं म्हणाला की त्याला झापणारा माणूस!

शेवटी एका सकाळी लघवी पूर्ण अडली, तेव्हा ते टेबलावर आले. ऑपरेशन करणार त्यांचाच शिष्य, कार्तिकेयन. मी पाठीत सुई दिली. दुर्बीण आत गेली. गुरूला काय विचारायचं कुणाला सुचेना. व्यंकोबाराव छताकडे बघत होते आणि त्यांची नाडी पळत होती. त्यांनी माझं बोट घट्ट धरलं तेव्हा मला कळलं की हा माणूस भ्यालाय. फार वाईट वाटलं.

मी मराठीत विचारलं, "सर, तुमच्या घरची डांगर पचडी कशी करतात?"

त्यांचा चेहरा उजळला. "उडीद भाजावें. करपूं देऊं नये. पीठ करून आंबट दह्यांत कालवावें. मिरची, कोथिंबीर." नाडी उतरू लागली. कार्तिकेयन शांतपणे काम करत होता. "मग फोडणी. मोहरी, हिंग... आणि एक कायतरी बायको टाकत होती. बाहेरल्या हालापर्यंत वास येत होता."

"काय टाकायच्या?"

ते पुन्हा छताकडे बघू लागले.

"अख्ख्या जिल्ह्यास पुसलों, अम्मा," ते म्हणाले. "तीस पुसलों नाहीं."

ऑपरेशन संपलं. दिवा मालवला. नर्स ट्रॉली घेऊन आल्या आणि सवयीने दाराशी थांबून राहिल्या.