क्रांतीच्या लग्नातला ब्लर

माझ्या नजरेतून काही सुटत नाही! फौजेत सुभेदार होतो, मंडळी. अंधारात झुडूप हललं तर ते वाऱ्यानं हललं की माणसानं, हे लांबून सांगायचो. त्यामुळं पुतणीच्या प्री-वेडिंग व्हिडिओची तपासणी घरच्यांनी माझ्यावर सोपवली, यात नवल ते काय?

क्रांती माझ्या धाकट्या भावाची, लालासाहेबाची, एकुलती पोर. नवरा वीरधवल, लोणंदचा. दोघांनी कोयनानगरला जाऊन शूटिंग करून आणलं होतं आणि ते लग्नात, साताऱ्याच्या कार्यालयात, मोठ्या स्क्रीनवर दाखवायचं ठरलं होतं. लालासाहेबाचा जीव टांगणीला लागला.

"दादा, नवऱ्याची आजी सुलाबाई लय कडक हाय. मागं एका लग्नात असला व्हिडिओ बघून भरल्या मांडवातनं उठून आली म्हनं. काय इपरीत दिसलं तर लग्न मोडंल माझ्या पोरीचं!"

"मी हाय न्हवं! तू घोर सोड."

व्हिडिओवाला धनाजी लॅपटॉप घेऊन आला. बघतो तर काय, सुरुवातीलाच पोरीचा हात पोराच्या हातात!

"काप."

"आवं सुभेदार, असं कापत गेलो तर नुसतं धरण उरंल."

"मग झाक."

"ब्लर मारू?"

"मार!"

ब्लर म्हणजे धुरकट गोळा. मला तर लय आवडला! हाताला हात लागला, मार ब्लर. तिनं त्याला कणीस भरवलं, मार ब्लर. पुढं वीरधवलच्या तळहातात काटा रुतला नि ही पिन घेऊन काढत बसली. काटा काढायला एवढं जवळ बसावं लागतं का? मला संशय आला. मारला ब्लर, चांगला ऐसपैस!

"आण्णा, आवं त्यात काय हाय?" क्रांती कावली.

"काय न्हाई म्हंतीस, मग झाकलं तर तुझं काय जातंय?"

लग्नाचा दिवस उजाडला. एरवी असल्या व्हिडिओकडं बघतं कोण? माणसं जेवणाच्या रांगेत. पण स्क्रीनवर पहिला ब्लर आला आणि रांग थबकली. दुसरा आला तशी माणसं ताटं घेऊन स्क्रीनपुढं आली. मग काट्याचा प्रसंग. वीरधवलचे डोळे गच्च मिटलेले, क्रांती खाली वाकलेली, मधे तो भलामोठा गोळा, आणि आवाज सगळा चालू! "आई गं! हळू... हळू की!" आवाज झाकायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"झाकलंय म्हंजे कायतरी हाय!" नवऱ्याचा मामा नाथाजी ओरडला.

सुलाबाई काठी टेकत उठल्या. "अक्षता थांबवा! आधी ते धुकं बाजूला करा!"

धनाजी माझ्या कानाशी लागला. "मूळचा हाय लॅपटॉपात. लावू?"

हो म्हणायला काय झालं होतं मला? पण फौजी माणूस, दिलेला हुकूम मागं घेतो होय? मी सगळ्यांदेखत गरजलो, "अजाबात न्हाई! दाखवण्याजोगा असता तर झाकला असता का मी?"

झालं! मांडवात नुसता गलका. वऱ्हाडातल्या बायका पिशव्या उचलून गाडीकडं निघाल्या. लालासाहेब मटकन खुर्चीत बसला. "दादा, घात केलासा माझ्या पोरीचा," एवढंच म्हणाला. खरंच लय वाईट वाटलं.

तेवढ्यात क्रांती शालू खोचून स्टेजवरनं खाली आली. मुंडावळ्या कानावर घसरलेल्या, डोळे लाल. "धनाजी, लाव मूळचा! आवाज वाढवून लाव!"

लागला. कणीस. काटा. पिन. सुलाबाईंनी चष्मा पुसला आणि व्हिडिओ परत एकदा लावायला सांगितला.

"एवढंच व्हय?" त्या नातवाकडं वळल्या. "एवढा दांडगा गडी आनि काट्याला रडतुयास? ही पोर पदरात पाडून घ्या गं बायांनो, न्हाईतर ह्येचं कसं व्हायचं! आनि झाकलं कुना शान्यानं?"

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. मी वाढप्यांना मदत करायला आत गेलो.

अक्षता पडल्या. महिन्याभरानं लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हमधनं घरी आला. मी शेजारच्या बाळासोंना आणि तानुबाईंना मुद्दाम बोलावलं, चहा टाकायला लावला आणि टीव्ही सुरू केला.

"आता बघा हं, मी पोरीला आशीर्वाद देतोय—"

आशीर्वाद गोळा देत होता! वर फक्त फेट्याचा तुरा. पंगतीत गोळा, पाठवणीत गोळा, वरातीत नाचतोय तोही गोळा! मी धनाजीला फोन लावला.

"क्रांतीताईंनी सांगितलं हुतं," तो म्हणाला. "आण्णा दिसतील तिथं मार म्हनल्या."

बाळासो चहाच्या कपात बघून हसले. तानुबाईंनी डोळे बारीक केले. "भावजी, असं काय करत हुता आवं वरातीत?"

माझी बायको मंगल उठली. तिनं रिमोट घेतला, चित्र मागं नेलं, थांबवलं आणि टीव्हीजवळ जाऊन बोट ठेवलं.

"ह्यो गोळा एकट्या मानसाचा न्हाई. ह्यातनं हिरव्या साडीचा काठ बाहेर आलाय. कोन हाय ती?"

आईशप्पथ सांगतो मंडळी, मला काही आठवत नाही. मूळचा व्हिडिओ क्रांतीकडं आहे, आणि ती माझा फोन उचलत नाही!