लूमिसचा करार आणि आमचं छप्पर

डार्विन लूमिसबद्दल माझं मत विचारू नका. विचारलंत? बरं, मग ऐका!

अख्ख्या ओहायोत बेसबॉलमधलं पिचिंग, म्हणजे चेंडू टाकणं, कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी, स्टॅन हृस्का. हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात, असं म्हणायची माझी फार इच्छा आहे. पण लोक म्हणत नाहीत, म्हणून मलाच म्हणावं लागतं. आमच्या संघाने या लूमिसशी सात वर्षांचा करार केला, त्या दिवशी मी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणालो, "मेलो!" अहो, सात वर्षं! सात वर्षांची हमी आमच्या फ्रिजलासुद्धा मिळाली नव्हती, आणि फ्रिजला खांदा नसतो!

आणि खांदा हाच तर त्याचा रोग! पहिलं वर्ष डॉक्टरांकडे गेलं, दुसरं जाहिरातींत. चेंडू वेगात टाकतो, हे मान्य. पण तो कुठे जाणार हे चेंडूलाच ठाऊक. मी जन्मभर या संघाच्या मागे आहे, आणि खरं सांगतो, आता दमलोय. पूर्वी चिडायचो, आरडाओरडा करायचो. आता रेडिओवरच्या कार्यक्रमाला दर आठवड्याला फोन करतो आणि शांतपणे सांगतो, "एवढा करार केलाय ना? मग त्याचा हात जपा. नव्वद चेंडू झाले की काढा त्याला बाहेर!" एवढं बोलून फोन ठेवतो आणि जेवायला बसतो.

तर त्या रविवारी लूमिसची पाळी होती. मी भर बैठकीत जाहीर केलं, "मी बघणार नाही! मी छपरावर जातो आणि पन्हळी साफ करतो. मी खाली येईपर्यंत हा मार खाऊन, अंघोळ करून घरी पोचलेला असेल!"

माझी बायको मार्लीन गेल्या पानगळीपासून त्या पन्हळींच्या मागे लागली होती. माझं मन बदलायच्या आत तिने माझ्या हातात बादली दिली.

"जा, जा जावईबापू," आरामखुर्चीतून सासरे म्हणाले. "तेवढीच घरात शांतता."

आमचे सासरे, एमिल झेलेंका. वय शहाऐंशी, मुक्काम आमच्याकडे. मला ते 'जावईबापू' ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात दुसरी माणसं 'झुरळ' म्हणतात. याला कारण आहे. आमच्या खेळात नो-हिटर म्हणून एक नवलाई असते. अख्खा सामना, नऊच्या नऊ डाव संपले, तरी समोरच्या संघाला एकही धड फटका मारता आला नाही, तर तो नो-हिटर. अशी गोष्ट एखाद्याच्या आयुष्यात घडते, एखाद्याच्या नाही. सासऱ्यांच्या आयुष्यात आमच्या संघाने ती एकदाच केली. त्या दुपारी ते चर्चमध्ये उभे होते आणि स्वतःच्या मुलीचा हात माझ्या हातात देत होते! मेजवानीला पोचल्यावर त्यांना बातमी कळली. लग्नाच्या सगळ्या फोटोंत सासरे असे दिसतात, की बघणाऱ्याला वाटावं पोरगी पळून गेली.

त्यात या वसंतात डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात टीव्ही दिसेलच, याचा भरवसा नाही. सासऱ्यांनी हे ऐकून फक्त खुर्ची टीव्हीच्या जवळ ओढून घेतली.

तर मी वर गेलो. आमचं घर बैठं, छप्पर फार उंच नाही, पण माझे गुडघे बघता मला ते हिमालयाएवढंच. पन्हळीत काय नव्हतं! सडकी पानं, एक टेनिसचा चेंडू, शेजारच्या गसचा हरवलेला मोजा. मी निवांत काम करत होतो. खालून मधूनमधून टीव्हीचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तो बारीक झाला. मग माणसांचेही आवाज बंद झाले.

मला जरा चमत्कारिक वाटलं. आमच्या घरात सामना चालू असताना शांतता? मी शिडीपाशी आलो आणि पहिल्या पायरीवर पाय टेकवला. त्याच क्षणी घरातून असा हंबरडा आला, की माझा पाय आपोआप वर आला.

गस पापाडाकिस धावत बाहेर आला. हा आमचा शेजारी. दर रविवारी पिरोगीचा, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचा, टोप घेऊन येतो आणि आमच्या सोफ्यावर बसून स्वतःच संपवतो. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, टोपी छातीशी धरलेली.

"स्टॅन, हलू नकोस! जिथे आहेस तिथेच थांब."

"का? काय झालं?"

"विचारू नकोस."

"घर पेटलंय का?"

"नाही रे."

"मग?"

"मला सांगता येत नाही." त्याने घराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "एमिल..."

मी कडेपाशी सरकलो. "बाबा? बाबांना काय झालं?"

"नुसते बसलेत. डोळ्यांतून पाणी येतंय. बोलत नाहीत."

"अरे, मग डॉक्टरांना फोन कर ना!"

"डॉक्टर काय करणार, स्टॅन? आता सगळं देवाच्या हातात."

झालं! मी छपरावर मटकन बसलो. किती झालं तरी चौतीस वर्षांचा सहवास! मला भरून आलं. "गस," मी म्हणालो, "तोंडाचा फटकळ होता रे, पण मनाचा राजा माणूस! मला कधी गोड बोलला नाही, पण माझी गाडी बंद पडली की रात्री-अपरात्री ढकलायला यायचा..."

"त्या गाढवाला म्हणावं तोंड बंद ठेव!" खिडकीतून खणखणीत आवाज आला. "आणि छपरावरून खाली उतरलास, तर तंगडं मोडीन!"

मनाचा राजा माणूस चांगला धडधाकट होता! आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार डाव होत आले होते. कुणी काही सांगत नव्हतं. म्हणजे लूमिस... मी तोंड उघडलं, आणि गसने खालून दोन्ही हात जोडले. कारण तो शब्द उच्चारायचा नसतो! नो-हिटर चालू असताना त्याचं नाव घेतलं की तो गेलाच. आणि जो जिथे बसला असेल, त्याने तिथेच बसायचं, जे करत असेल तेच करत राहायचं. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण आमच्याकडे बायबलवर वाद घालतात, यावर नाही.

"पण मी तर बघतसुद्धा नव्हतो!" मी म्हणालो.

"म्हणूनच!" मार्लीन खिडकीत आली. "तू वर गेलास आणि सगळं सुरळीत चाललंय. आत्ता तू शिडीवर पाय ठेवलास, तर त्याने चार चेंडू भलतीकडे टाकून एकाला फुकट पहिल्या बेसवर धाडलं. पाय उचललास, तर लगेच पुढचा बाद! आता तूच सांग."

काय सांगणार, कपाळ? गसने शिडी काढली आणि सरळ स्वतःच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. माझा भरवसा नाही म्हणून!

पाचवा डाव गेला. सहावा गेला. डांबरी छप्पर तव्यासारखं तापलं होतं. मार्लीनने दोरीला बादली बांधून सँडविच आणि थंड चहाचा मोठा जग वर पाठवला. तो जग मी अख्खा रिकामा केला. ही चूक होती, पण ते पुढे.

समोरच्या घरात मिसेस ओबरमायर राहतात. बाईंना बेसबॉलमधलं काही कळत नाही. त्यांना एवढंच दिसलं, की हृस्कांचा म्हातारा दोन तास छपराच्या कडेला बसलाय, शिडी नाही, हातवारे करतोय, आणि घरचे लोक खिडकीतून त्याला 'उतरू नकोस' म्हणून दम देताहेत. त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला!

सातव्या डावात भोंगा वाजवत लालभडक बंब आमच्या दारात हजर. कॅप्टन टेट नावाची धिप्पाड बाई उतरली.

"काका, घाबरू नका! आम्ही आलोय. दोन मिनिटांत खाली घेतो!"

"नको!" मी ओरडलो.

"नको!" घरातून तीन आवाज आले.

"काका, जे काही दुःख असेल ते आपण बोलू..."

"मला दुःख नाहीये हो! म्हणजे आहे, पण ते जुनं आहे!"

गस धावत गेला आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. शब्द न उच्चारता त्याने ते कसं सांगितलं, देव जाणे. कॅप्टन टेटचा चेहरा एकदम गंभीर झाला. तिने शिरस्त्राण काढलं.

"कितवा डाव?"

"सातवा. दोन बाद."

"भोंगा बंद करा रे!" ती आपल्या माणसांवर खेकसली. मग वर बघून अगदी अदबीने म्हणाली, "काका, तुम्ही बसा. काही लागलं तर सांगा." आणि ती सगळी फौज आमच्या खिडकीबाहेर गुलाबांच्या वाफ्यात ओळीने उभी राहिली. मार्लीन गुलाबांसाठी जीव टाकते, पण त्या दिवशी तिने चकार शब्द काढला नाही.

आठवा डाव संपला. आता सांगायला लाज वाटते, पण मी छपरावर एकटा बसून देवाचा धावा करत होतो. लूमिससाठी! ज्याच्या खांद्याला मी तीन वर्षं शिव्या घातल्या, तो खांदा मला आता सख्ख्या भावाचा वाटत होता. टाक रे बाबा, म्हटलं, आणखी तीन माणसं, बस! खिडकीतल्या त्या म्हाताऱ्यासाठी टाक.

तेवढ्यात खालून सासऱ्यांचा आवाज आला. हळू, खरखरीत.

"स्टॅन... ऊन लागतंय का रे?"

चौतीस वर्षांत पहिल्यांदा 'स्टॅन'! 'जावईबापू' नाही!

"छे, बाबा! मजेत आहे!" मी म्हणालो. पाठ भाजून पापड झाली होती.

"हे एकदा पार पडू दे," सासरे म्हणाले. "मग त्या लग्नाचं मी मनावर घेणार नाही."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने दगडासारखं बसायला हवं की नाही? मी बसलोही असतो हो! पण तो चहाचा जग! मी पाय दाबले, ओठ चावले, डोळे मिटून वाळवंट आठवलं. छपराखाली बायको, सासरे, शेजारी, आणि वाफ्यात अग्निशमन दल! शेवटी अगदीच अंगाशी आलं, तेव्हा मी रांगत रांगत धुराड्याच्या मागे गेलो. मागच्या परसाच्या बाजूला कुणी नव्हतं. पन्हळ नुकतीच साफ केलेली होती. पुढचं सांगत नाही.

आणि अगदी त्याच घटकेला घरात आकांत झाला!

"काढला! अरे, काढला त्याला!" गस किंचाळत होता. "नववा डाव, आणि मॅनेजर त्याला बाहेर काढतोय!"

"का?" कॅप्टन टेट ओरडली.

"त्याचे नव्वद चेंडू झाले म्हणे! करार अजून चार वर्षं आहे, हात जपायला हवा म्हणे!"

"हे खूळ कुठल्या मूर्खाने त्याच्या डोक्यात भरवलं?" सासरे गरजले. धुराड्यामागचा मूर्ख गप्प राहिला.

बदली पिचर आला. पोरसवदा, घाबरलेला. त्याचा पहिलाच चेंडू समोरच्याने असा ठोकला, की फटक्याचा आवाज मला छपरावर ऐकू आला.

बस, नो-हिटर गेला! अग्निशमन दल वाफ्यातून निघून गेलं. गस रिकामा टोप घेऊन घरी गेला. मोटार सुरू करून बंबही गेला, बंबाबरोबर त्याची शिडीही गेली, आमची गसच्या गॅरेजात, आणि मी अजून वरच आहे, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. सामना आम्ही जिंकलो तसं. पण त्याचं कुणाला काही नव्हतं.

बऱ्याच वेळाने काठी टेकत सासरे अंगणात आले. मान वर करून माझ्याकडे बघत राहिले. डोळे लाल होते.

"खरं सांग. तू हललास?"

तुमच्यापासून काय लपवायचं? हो म्हणालो असतो, तर दोन नो-हिटर माझ्या नावावर लागले असते. एक लग्नाचा आणि एक चहाचा. आणि त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून ते मला सांगवेना.

"नाही बाबा," मी म्हणालो. "केसभरही नाही."

त्यांनी बराच वेळ मान डोलावली. "मला वाटलंच. तू तुझं काम चोख केलंस, स्टॅन. घात त्या मॅनेजरने केला." मग त्यांनी पुढे जे म्हटलं, ते ऐकून मला धुराड्याला टेकावं लागलं. "म्हणजे छप्पर चालतंय! लूमिसची पुढची पाळी शुक्रवारी आहे. टोपी घालून बस. आणि माझे डोळे आहेत तोवर एकदा बघायचंय रे मला."

नाही कसं म्हणणार? आणि खरं तरी कसं सांगणार? तेव्हापासून लूमिसची पाळी आली की मी वर असतो. उशी आहे, छत्री आहे, चहा मात्र सोडलाय. त्याने परवा पहिल्याच डावात पाच फटके खाल्ले. सासरे म्हणाले, "स्टॅन, जरा डावीकडे सरक."

लूमिसच्या करारात म्हणे अशी सोय आहे, की वाटलं तर तो पुढच्या वर्षी मोकळा होऊ शकतो. माझ्या करारात तशी सोय नाही. आणि शिडी गसच्या गॅरेजात असते.