आक्कासाहेबांनी संगणकास झगा चढविला त्याची हकिगत

श्री विद्युद्देवता प्रसन्न. जिच्या कृपेने पडदे उजळतात व जिच्या रुसव्याने घरोघरी तोंडे उतरतात, तीस दंडवत घालून लिहितो. शके एकोणीसशे बत्तीस, विकृतिनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या राज्यात जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे.

राज्याचे धनी श्रीमंत दामोदरपंत, परंतु शिक्का त्यांच्या कुटुंबाचा, म्हणजे आक्कासाहेबांचा चाले. पंतांनी संगणक आणविला, आणि आक्कासाहेबांनी तो उघडाबोडका पाहिला, आणि त्यांसच संकोच वाटला, आणि मग त्यांनी क्रोशाने लोकरीचा झगा विणिला, त्यावर गुलाब काढिले, बाजूंस बंद लाविले, आणि पडद्याशेजारचा मोठा डबा, ज्यास सीपीयू म्हणतात, त्यास तो नखशिखांत चढविला. डब्यास वारा घेण्याच्या जाळ्या होत्या, त्या समूळ बुजल्या. येणारेजाणारे झगा वाखाणीत आणि आक्कासाहेब प्रसन्न होत.

पुढे आक्कासाहेबांचे धाकटे बंधू निशिकांतराव सातासमुद्रापार होते, त्यांस कन्यारत्न जाहले आणि बारशाचा दिवस ठरला. बाळाचे कानी ‘कुर्र’ करून नाव सांगणे हा आत्याचा मान. तो संगणकाच्या पडद्यावरून समोरासमोर बजावावा, ऐसा ठराव जाहला. तिकडे पाळण्यापाशी बाळाची मावशी होती. तीही नाव घेण्यास टपून आहे, हे आक्कासाहेब जाणून होत्या, म्हणोन दिवेलागणीपूर्वीच ठेवणीतले लुगडे नेसून यंत्रापुढे ठाण मांडून बैसल्या.

पडद्यावर बाळ दिसले, आक्कासाहेब वाकल्या, ‘कु’ इतकेच वदल्या, तो यंत्र मटकन् निमाले. पंतांनी तार उपसिली, पुन्हा खोचिली, बटण दाबिले. यंत्र उठले, बाळ दिसले, ‘कु’ जाहले, पुन्हा अंधार. मग पंतांनी विनवणीदाखल डब्यावर हात ठेविला, तो चटका बसला. तवा तापावा तैसा डबा तापला होता. पंतांस तत्क्षणी मर्म उमजले, आणि त्यांनी आक्कासाहेबांच्या मुखाकडे पाहिले. झग्यास दोष कोण देणार? मग त्यांनी दोष वीजवाल्यांस दिला, मग ग्रहांस दिला, मग टेबलफॅन आणून हळूच डब्याकडे वळविला. “अहो, धूळ उडतेय!” म्हणोन आक्कासाहेबांनी फॅन बंद केला आणि झग्याचे बंद अधिक आवळिले. ऐसा भित्रा धनी आम्ही अन्य राज्यात पाहिला नाही.

इतक्यात निशिकांतरावांचा फोन आला, “आक्का, फोनवरच सांग ना नाव!”

“कान दिसल्याशिवाय कुर्र कसलं रे?” आक्कासाहेब कडाडल्या.

तो मागून मावशीचा मधाळ आवाज आला, “आक्का, तुमचं जमत नसेल तर राहू द्या. मी घेते नाव.”

हे ऐकताच आक्कासाहेबांचे डोळे भरले. “आत्या जिवंत असताना मावशीनं नाव घ्यायचं!” इतके बोलून त्या पदरात तोंड लपवित्या जाहल्या. ते पाहून पंतांचे काळीज हलले, आणि मग ते डोळे गच्च मिटून ओरडले, “अगं, उकडतंय त्याला झग्यात! गुदमरलंय ते! काढ तो आधी!”

आक्कासाहेबांनी पंतांकडे पाहिले, झग्याकडे पाहिले. “मग इतका वेळ तोंड शिवलं होतं का तुमचं?” म्हणोन कात्री घेतली, आणि आपल्याच हातचा झगा गुलाबांसकट उभा चिरिला, आणि फॅन सोडिला, आणि वर पदरानेही वारा घातला, आणि यंत्र निवले, उठले, बाळ दिसले, कान दिसला, आणि मग आक्कासाहेबांनी ऐसे ‘कुर्र’ केले की तिकडे बाळ दचकून रडू लागले. नाव जाहीर जाहले, मृण्मयी.

नाव घेतल्यावर आत्याच्या पाठीत धपाटे घालण्याची रीत आहे. मावशीचा हात तिकडून पोहोचेना. इकडे पंतांवाचून कोणी नव्हते. “घाला, रीत आहे,” म्हणोन आक्कासाहेब पाठ करून बैसल्या. पंतांनी नुसता हात टेकविला. “एवढाच?” मग त्यांनी एक घातला तो बरा बसला, आणि दुसरा अधिक बरा बसला, आणि मग पंतांस सूर गवसला, आणि निशिकांतराव पडद्यातून “भाऊजी, पुरे!” म्हणेपावेतो हात थांबला नाही. आक्कासाहेब हसता हसता खुर्चीवरून घसरल्या.

येणेप्रमाणे बारसे सिद्धीस गेले. त्या दिवसापासून पंत घरात बोलू लागले. काय बोलतात ते लिहिण्याजोगे नाही, परंतु बोलतात. लेखन पुरे.