जिज्ञासा वर्गातला सोयाबीनचा वेल

महागाव तालुक्यातल्या एका महाविद्यालयात, प्रथम वर्षाच्या वर्गात, चक्क प्रश्न विचारला गेला, असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, लावा पैज. तरी सांगणं भाग आहे. कारण जिज्ञासा हा मनुष्याचा उपजत गुण असून शाळेची बारा वर्षं नीट पार पडल्यास तो समूळ बरा होतो.

विद्यापीठाच्या हे जरा उशिरा लक्षात आलं. मग परिपत्रक निघालं : प्रत्येक महाविद्यालयाने प्रथम वर्षासाठी 'जिज्ञासा वर्ग' चालवावा. विद्यार्थी बाराच. पुस्तक नाही, परीक्षा नाही, खुर्च्या गोल. विद्यार्थ्यांनी मनसोक्त प्रश्न विचारावेत. सत्राअखेर समिती येईल आणि प्रश्नांची संख्या तक्त्यात भरेल. ('हे परीक्षेला येते का?' हा प्रश्न धरू नये, असा खुलासा तळाला होता. विद्यापीठ आपल्या लेकरांना ओळखून आहे.)

वर्ग सुनील सरांच्या गळ्यात पडला. सर सात वर्षं तासिका तत्त्वावर होते, म्हणजे दर जूनमध्ये नव्याने नेमले जाणारे जुने मास्तर. प्राचार्य म्हणाले, "तक्त्यात शून्य आलं तर पुढच्या जूनमध्ये येऊ नका. एक तरी प्रश्न आणा, कुठूनही."

सरांनी खुर्च्या गोल मांडल्या. गोलात शेवटचा बाक सापडेना, म्हणून दोघं घरी गेले. (हजेरी बाराच.)

"विचारा, काहीही विचारा," सर म्हणाले.

उरलेल्या दहाही जणांनी वहीत लिहिलं : विचारा, काहीही विचारा.

तीन आठवडे गेले. प्रश्न शून्य. मान डोलावण्याचं प्रमाण मात्र दर मिनिटाला दरडोई चौदा. एवढी सहमती ग्रामसभेतही दिसत नाही.

शेवटी सरांनी ठरवलं, धडधडीत खोटं बोलायचं. कोणी तरी अडवेलच. त्यांनी सांगितलं, वणीच्या खाणीत कोळसा बारीक करून पेरला की तीन वर्षांत नवा फुटवा धरतो. मुलांनी लिहिलं. वणीहून मामाकडे शिकायला आलेल्या संघदीपने, ज्याचा बाप खाणीतच कामाला, लाल शाईने चौकट केली. सरांनी सांगितलं, ढाणकीच्या बाजारात बैल आपला भाव आपणच ठरवतात आणि पटला नाही तर घरी परत जातात.

संघदीपचा हात वर गेला. सर खुर्चीतून अर्धे उठले.

"सर, हे परीक्षेला येते का?"

अखेर समिती आली. तीन माणसं, तीन डायऱ्या, तीन हार. सरांनी घसा खाकरला आणि भात्यातला शेवटचा बाण सोडला : "सोयाबीन हा वेल असून मांडवावर चढवल्यास शंभर वर्षं शेंगा देतो."

घरी गेलेले दोघंही आज धरून आणले होते; बारा डोकी वहीत खाली गेली. त्यांतल्या नऊ डोक्यांच्या केसांत सकाळच्याच मळणीचं सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, अडकलं होतं. समितीच्या अध्यक्षांनीही ते डायरीत टिपून घेतलं, वर 'मांडव' या शब्दाखाली रेघ ओढली. मग तक्ता काढला आणि शून्य लिहायला पेन टेकवलं. सरांना पुढचा जून समोर दिसू लागला, पार रिकामा.

तेवढ्यात तांड्यावरची अंजू उठली. "झूट आहे सर हे! आमी कालच सोयाबीन सोंगलं. मांडीएवढं झाड असते, चार महिन्यांत वाळते. कायचा मांडव अन् कायची शंभर वर्षं? खोटं बोलून राह्यले तुमी."

सरांना तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, "ही हरकत झाली. तक्त्यात हरकतीला रकाना नाही."

"अंजू, माय," सर काकुळतीला आले, "प्रश्न विचार. एकच. कोणालेही विचार."

अंजूने अध्यक्षांच्या उघड्या डायरीकडे पाहिलं.

"साहेब, तुमी तर एवढे शिकलेले, तुमीबी लिहूनच घेतलं. उद्या कोनं हे सारं छापलं, तर वाचनारेबी मान डोलवत इथवर येतीन. मधातच उठून 'झूट आहे' म्हननारा त्याइच्यातून एक तरी निघन का?"